या संगीतालाही सभागृह मिळावं

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रामोफोन रेकॉर्डचे दिवस पुन्हा आल्याबद्दलचा लेख वाचला. नाट्यगीतं, गझला, जुनी सिनेमाची गाणी यांवर त्यात आपुलकीने लिहिलं होतं. मेटल, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवरचं दणदणीत रॉक संगीत, त्याच्या नव्या रेकॉर्डचा विषय मात्र ‘निव्वळ गोंगाट’ एवढ्यावर उरकला, ते मनाला लागलं. म्हणून हे पत्र.

मी परभणीत साउंड सिस्टिमचा व्यवसाय करतो. सप्ताह, भजन, जागरण-गोंधळ, लग्नातला ऑर्केस्ट्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे मिक्सरवर मीच बसतो. गोंगाट कशाला म्हणायचं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पुतण्या पुण्यात शिकतो. दिवाळीला येताना त्याने एक रेकॉर्ड आणली. युरोपातल्या दोन बँडची, दोन्ही बाजू लाइव्ह. एका बाजूला ब्लॅक मेटल, पलटली की डेथ मेटल; हे मेटलचेच दोन प्रकार. अशा रेकॉर्डला स्प्लिट म्हणतात. पहिल्या बाजूला गिटार इतक्या झपाट्याने छेडलेली की सूर सुटे ऐकू येत नाहीत, एक सलग झोत लागतो आणि त्यावर गायकाची चिरकी किंकाळी. लक्ष देऊन ऐकलं की त्या झोताखाली संथ सरकणारी चाल सापडते, आणि ती फार करुण आहे. दुसऱ्या बाजूला तारा सैल करून खर्जात उतरवलेल्या, गायकाचा आवाज थेट पोटातून येणारा. ड्रमवाला दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो, तरी एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. दोन गाण्यांच्या मधे गायक धापा टाकतो, कुणीतरी तार जुळवतो, लोक ओरडतात. एके ठिकाणी मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, शिट्टी मारतो आणि क्षणात कुणीतरी ती आवरतो. तो हात माझ्या धंद्यातल्या माणसाचा. मला तिथे भरून आलं.

हे सगळं तबकडीवर उतरवणं सोपं नाही. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला एका सेकंदात सुईखालून जितकी खाच सरकते, त्याच्या निम्मीही मधल्या लेबलाजवळ सरकत नाही. म्हणून झांजांचे आणि किंकाळीचे तीक्ष्ण सूर बाजूच्या शेवटच्या गाण्यात फाटायला लागतात. खर्जाला रुंद खाच लागते, म्हणजे जागा लवकर संपते. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त भरायचं तर आवाजाची पातळीच खाली आणावी लागते. ब्लॅक मेटलला पहिली अडचण नडते, डेथ मेटलला दुसरी. दोघांना एकाच तबकडीवर नीट बसवणारा कारागीर काय ताकदीचा असेल, याचा लेखकाने विचार करायला हवा होता.

दोन बँड एकत्र येतात त्याचं एक मोठं कारण पैसा. रेकॉर्ड शंभर काढा की हजार, साच्याचा खर्च ठरलेला. लहान बँडला तो एकट्याने झेपत नाही. आपल्याकडे एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून दोघांचीही रानं पेरून काढतात, तसाच हा व्यवहार. शिवाय एकाचे श्रोते दुसऱ्याला मिळतात. नॉर्वेच्या एम्परर आणि एन्स्लेव्ह्ड या बँडनी १९९३ मध्ये अशीच एक सीडी वाटून घेतली होती. पुढे दोघांचंही नाव जगभर झालं.

लाइव्हचं मोल तर त्याहून मोठं. नॉर्वेचाच मेहेम हा बँड २६ नोव्हेंबर १९९० रोजी जर्मनीत लाइपझिगला वाजला. त्यांचा गायक पुढच्याच वर्षी वारला. स्टुडिओत त्याचा आवाज फार थोडा टिपला गेला होता, त्यामुळे त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगला आज एवढी किंमत आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रातलं निम्मं संगीत पेनड्राइव्हमधल्या ट्रॅकवर चालतं आणि कीबोर्डवाला नुसता हात फिरवतो. ज्या संबळवाल्यांना मी माईक लावून दिले, त्यांतले कित्येक आज हयात नाहीत. त्यांचं एकही धड रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. मिक्सरमधून दोन वायरी रेकॉर्डरला जोडल्या की हे काम होतं, पण आयोजकांना ते सुचवलं की ते म्हणतात, कशाला?

या संगीतावर आक्षेप आहेत, ते मी लपवत नाही. नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चर्च जाळली गेली आणि ब्लॅक मेटलमधल्या काही जणांना त्यात शिक्षा झाली. ते गुन्हेच होते. पण म्हणून हे संगीत वाजवणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरत नाही. मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड २००० साली सुरू झाला, त्यांच्या संगीतात डेथ आणि ब्लॅक मेटल दोन्ही आहेत. आमच्या परभणी-नांदेडची जी पोरं हे वाजवतात, त्यांच्यातला एक मोबाइल दुरुस्त करतो, बाकीची कॉलेजात आहेत. त्यांचा त्या जाळपोळीशी काय संबंध?

गेल्या हिवाळ्यात या पोरांनी एका सभागृहासाठी अर्ज केला होता. कचेरीत बँडचं नाव वाचलं आणि अर्ज परत हातात दिला. भाडं किती भरणार, अनामत ठेवणार का, रात्री दहाच्या आत संपवणार का, काहीही विचारलं नाही. हे मला फार खटकलं. नकार द्यायचा तर निदान वाचून, विचारून द्यावा.

पोरांनी नवा अर्ज लिहिला आहे. दोन बँड, प्रत्येकी वीस मिनिटं, भाडं आणि अनामत आगाऊ. सिस्टिम माझी, त्याचे पैसे मी घेणार नाही. कार्यक्रम मिक्सरवरून आम्ही स्वतः रेकॉर्ड करू. तबकडी काढण्याइतके पैसे जमले तर काढू, नाही जमले तरी वाजवलेलं जपून राहील. परवानगी मिळाली की तारीख कळवतो. आपण प्रतिनिधी जरूर पाठवावा, आणि त्या लेखाच्या लेखकांनाही आग्रहाचं निमंत्रण आहे. त्यांची खुर्ची मिक्सरशेजारी ठेवीन, तिथे आवाज सगळ्यात नीट लागतो.

आपला नियमित वाचक,
एक साउंड सिस्टिम व्यावसायिक, परभणी