डॉक्टरांनी काय सांगितलं?

केज,
3 सप्टेंबर

प्रिय अविनाश,

तुझं पत्र पोचलं. पेशंटशी कसं बोलायचं हे मुलांना शिकवायचं काम तुझ्याकडं आलं, हे वाचून फार बरं वाटलं. 2019 पासून एमबीबीएसला वर्तन, नीती आणि संवाद हा भाग लावलाय, हे मला तुझ्याकडूनच कळालं. मेडिकलच्या काउंटरवरून काय दिसतं ते लिही म्हणालास, म्हणून आज दुकान वाढवल्यावर बसलोय.

माणूस चिठ्ठी पुढं ठेवतो आणि गोळ्या घ्यायच्या आधी विचारतो, "दादा, साहेबानं काय सांगितलं वो?" तो त्याच साहेबाच्या समोरून उठून आलेला असतो. फी भरलेली असते, सकाळपासून नंबर लावून बसलेला असतो. तरी आपल्याला काय झालंय, गोळ्या किती दिवस खायच्या, परत कधी यायचं, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. आता हे कोण विचारतं ते बघ. हायस्कूलचे मास्तर विचारत नाहीत, आडतवाले विचारत नाहीत. त्यांना आजाराचं नाव माहीत असतं, रिपोर्टमधला आकडासुद्धा माहीत असतो. विचारतात ते वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे, ऊसतोडीचे. चिठ्ठी दोघांच्याही हातात एकाच डॉक्टरची असते.

तू म्हणशील, गर्दी किती असते! मान्य आहे. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सकाळच्या ओपीडीत कोवळी पोरं कशी राबतात ते मी बघितलंय, त्यांच्याबद्दल मनात काही राग नाही. पण गर्दी सगळ्यांना सारखीच असायला पाहिजे ना? खाजगी दवाखान्यात त्याच गर्दीत चारचाकीतून उतरलेल्याला "या, बसा" होतं आणि धोतरातल्या म्हाताऱ्याला उभ्यानंच "काय होतंय रे?" होतं. वेळ कमी आहे हे खरंच, पण त्यातली कपात कुणाच्या वाट्यातून होते, ते कपडे आणि बोली बघून ठरतं.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत 1996 पासून सरकार घरोघरच्या आजारपणाची आणि दवाखान्याच्या खर्चाची पाहणी करतं. त्यात लोकांना विचारतात, डॉक्टरांनी तुमचं नीट ऐकलं का, समजेल असं सांगितलं का, तुमच्या म्हणण्याला मान दिला का, पुरेसा वेळ दिला का. उत्तरं उत्पन्नाप्रमाणं मांडली की गरिबांचा अनुभव श्रीमंतांपेक्षा वाईट निघतो. आपल्याकडं दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला कुणी तरी असं विचारावं, असं मला फार वाटतं.

आणि ऐकणं म्हणजे नुसता मानपान नव्हे. मागं एक गवंडी पाय दुखायच्या गोळ्या न्यायला आला. मी सहज विचारलं, तर सांगत बसला. तळपायाला मुंग्या येतात, तहान भागत नाही, रात्री चार-चारदा उठावं लागतं. आत हे सांगितलं का, तर म्हणाला, "पाय दुखतो म्हणलो, तवर त्यांनी लिहायला घेतलं." दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासलं, तर शुगर भलतीच वाढलेली. निदान त्याच्या तोंडातच होतं. 1984 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मोजून बघितलं होतं, पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतात. तिथली ही गत, तर आपल्या गवंड्याला किती सेकंद मिळाले असतील?

खरं तर मला तुला लिहायचंय ते बायकांची गर्भाची पिशवी काढण्याबद्दल. आपल्या जिल्ह्याचं नाव त्याच्यापायी देशभर झालं. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडे आले. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. या बायका दवाखान्यात काय घेऊन जात होत्या? अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, पाळीत फार जातंय. पाचटाच्या कोपीत राहायचं, न्हाणी नाही, संडास नाही, पाण्याची बोंब, पोटुशी असली तरी डोक्यावर मोळी. एक दिवस खाडा झाला की मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशातून, कापणार. हे सगळं कुणी विचारून घेतलं असतं, तर बऱ्याच जणींचं औषधानं, स्वच्छ पाण्यानं आणि विश्रांतीनं भागलं असतं. त्याऐवजी "कॅन्सर होईल, काढून टाका" एवढं ऐकवलं गेलं. काहींनी पैशासाठी केलं, ते गुन्हेगारच आहेत. पण ते करणं इतकं सोपं गेलं, कारण समोरची बाई उलटून विचारणार नाही याची त्यांना खात्री होती. आज ती पस्तिशीतली बाई माझ्याकडं कंबरदुखीच्या गोळ्या मागते, तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

उपचार फुकट झाले म्हणजे हे संपेल, असंही मला वाटत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. चांगलंच झालं, कित्येकांना पैशापायी दवाखाना टाळावा लागला नाही. पण फुकट मिळतंय तर वर आणखी काय विचारायचं, असं माणसाला वाटतं. जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालेला म्हातारा मला म्हणाला, "योजनेतलं हाय, गप घ्यावं." विचारायचा हक्कही आपण त्याच्याकडून काढून घेतलाय.

म्हणून तुझ्या पोरांना एवढं शिकव. आधी बसायला स्टूल दे. कुणीही असो, वयानं मोठं असेल तर अहो-जाहो कर. त्याचं बोलणं पुरतं होऊ दे, आणि उठायच्या आधी विचार, "घरी गेल्यावर काय काय करणार, सांगा बरं." इथं आरोग्य केंद्रात एक मॅडम आहेत, त्या एवढंच करतात. त्यांची चिठ्ठी घेऊन येणारी बाई मला काही विचारत नाही, उलट गोळी जेवणाआधीची का नंतरची ते तीच मला सांगते. गर्दी त्यांच्याकडंही असते.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघायला लागतात, मग मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसं भेटत नाहीत. त्याआधी एखाद्या रविवारी पोरं घेऊन ये. त्यांनी तपासू नये, सुया टोचू नयेत. वस्तीवर बसावं, बायकांचं ऐकावं आणि लिहून घ्यावं. सोबत एखादी लेडी डॉक्टर हवीच, नाहीतर बायका तोंड उघडणार नाहीत. आशाताईंशी मी बोलून ठेवलंय. जेवणाची व्यवस्था आमच्या घरी, बायको म्हणते वीस माणसं असली तरी अडचण नाही. तारीख लवकर कळव, म्हणजे वस्तीवर निरोप देता येईल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बालाजी