रविवारच्या बैठकीआधी : घरबसल्या राइक्सम्युझियम

सभासदहो, रविवारी येण्याआधी ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा संग्रह त्यांच्या संकेतस्थळावर जरूर पाहून या. शुल्क नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ मधलं ‘नाइट वॉच’ हे चित्र मात्र सर्वांनी बघायचंच आहे. २०२२ मध्ये त्याची ७१७ गिगापिक्सेलची (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी ठिपके) प्रतिमा सर्वांसाठी खुली झाली. ८,४३९ छायाचित्रं जोडून ती तयार केली आहे. मोठी करत गेलात की रंगाच्या थराला गेलेले केसाएवढे तडेसुद्धा दिसतात. प्रत्यक्ष दालनात उभं राहूनही इतक्या जवळ जाता येत नाही! शक्यतो संगणकावर पाहा, घाई करू नका. जमल्यास रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून केलेली रेखाटनंही शोधा. मला ती फार प्रिय आहेत. प्रत्येकाने मनात राहिलेला एक तपशील वहीत टिपून आणावा.