फोन नंबर देताना तो आधी कधी बंद झाला होता ते पण सांगा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ओटीपी फ्रॉडच्या बातम्या तुमच्या पेपरात रोज असतात, त्या छापता ते बरंच करता, पण वाचून झाल्यावर दोष शेवटी ज्याने ओटीपी सांगितला त्याच्याच डोक्यावर येतो. कोणी कोणाला काही सांगितलेलं नसतं तरी ओटीपी भलत्याच माणसाच्या हातात पडतो असं पण होतं, आणि मी ते कामात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून हे पत्र.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, छोटी टीम आहे, दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटची सिस्टीम बनवून देतो. तिला एक फोन नंबर लागतो, ज्यावरून पेशंटला रिमाइंडर जाईल आणि पेशंटने उलट फोन केला तर रिसेप्शनला वाजेल. हा नंबर सिमकार्डवाला नसतो, व्हर्च्युअल असतो, ट्विलिओ, प्लिवो, व्होनेज अशा कंपन्या तो देतात आणि तो शोधायचा पण प्रोग्राममधूनच. एपीआयला, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमशी आपला प्रोग्राम ज्यातून बोलतो त्याला, विचारायचं की अमेरिकेतले लोकल नंबर दे, एरिया कोड (आपल्या एसटीडी कोडसारखा) ७३२, एसएमएस आणि कॉल दोन्ही चालले पाहिजेत, आणि मध्ये कुठे ४४ येत असेल तर उत्तम. लगेच यादी हजर. प्रत्येक नंबरपुढे गाव, राज्य, झिपकोड, कॉल चालतो का, एसएमएस चालतो का, फोटोवाला मेसेज चालतो का असं सगळं लिहिलेलं असतं. पसंत पडला की दुसरी रिक्वेस्ट पाठवायची आणि नंबर आपला, आणि ती लवकर पाठवायची कारण नुसतं शोधल्याने नंबर कोणी राखून ठेवत नाही, तेवढ्यात दुसऱ्याने घेतला तर गेला.

आम्हाला ७३२ हवा होता कारण क्लायंट म्हणजे न्यू जर्सीत एडिसनला प्रॅक्टिस करणाऱ्या एक मराठी डॉक्टर मॅडम. तिथे ७३२ हा जुना कोड, नंबर पुरेनात म्हणून नंतर त्याच भागाला ८४८ पण दिला. "८४८ बघितला की आमचे पेशंट उचलत नाहीत हो, तुम्ही ७३२च बघा" असं मॅडमचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पण सगळ्यांना जो कोड हवा असतो त्यातला नंबर मिळाला तर तो बहुतेक कोणीतरी सोडलेलाच असणार.

नंबर घेतला, वेबहुक जोडलं, म्हणजे त्या नंबरवर येणारा प्रत्येक मेसेज आमच्या सर्व्हरवर येऊन लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, पडतो. मॅडमनी नंबर अजून एकाही पेशंटला दिलेला नव्हता आणि लॉगमध्ये मेसेज यायला लागले. एक औषधाच्या दुकानाचा, तुमचं औषध तयार आहे, घेऊन जा. एक कर्जवसुलीवाल्यांचा, चक्क नाव घालून. आणि मग एक सहा आकडी कोड, कुठल्यातरी खात्यात लॉगिन करायचा. तो माणूस तिकडे मोबाइल हातात घेऊन कोडची वाट बघत बसला असेल आणि कोड आमच्या स्क्रीनवर. आम्ही सरळ माणसं म्हणून तो पुसून टाकला, पण हाच नंबर दुसऱ्या कोणाच्या हातात असता तर? कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, नंबर बदलून घ्या. बदलला. पण आम्ही सोडलेला तो नंबर आज ना उद्या परत त्याच यादीत येणार आणि पुढच्या प्रोग्रामरला पण गाव, राज्य, झिपकोड एवढंच दिसणार.

हे आमच्याच नशिबी आलं असं पण नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात केविन ली आणि अरविंद नारायणन यांनी २०२१ मध्ये हेच तपासलं होतं. टी-मोबाइल आणि व्हेरायझन नवीन ग्राहकांना जे नंबर देऊ करत होत्या त्यातले २५९ त्यांनी नमुन्यादाखल तपासले, आणि त्यातले १७१ नंबर आधीच्या मालकाच्या कुठल्या ना कुठल्या वेबसाइटवरच्या खात्याला अजून जोडलेले निघाले. ते नंबर साध्या मोबाइलचे होते, व्हर्च्युअल नव्हते, पण गोष्ट तीच.

सरकारांना हे माहीत नाही असं नाही. अमेरिकेत एफसीसीच्या, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाच्या, नियमाने सोडलेला नंबर निदान ४५ दिवस कोणाला देता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यांनी एक डेटाबेस चालू केलाय, त्याला नंबर आणि तारीख दिली की त्या तारखेनंतर तो नंबर कायमचा बंद झाला होता का एवढं तो सांगतो. पण तो आहे फोन करणाऱ्या कंपन्यांसाठी. नंबर शोधणाऱ्याच्या यादीत त्यातलं काही येत नाही.

आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात हेच सांगितलं होतं. पण ९० दिवसांत कोण सगळीकडचा नंबर बदलतो? बँकेत बदलेल, गॅसच्या बुकिंगला राहील, मुलीच्या शाळेत राहील, जुन्या ईमेलला तर हमखास राहील. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की बंद नंबरांची सरकारी यादी वापरून आपला डेटा साफ ठेवा, यूपीआयवाल्यांना तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दर आठवड्याला तपासायला लावलंय. हे फार चांगलं काम झालं. पण ओटीपी काय फक्त बँकच पाठवते? दवाखाने, लॅब, क्लासेस, सोसायटीची ॲप्स, सगळेच फोन नंबरवर माणूस ओळखतात.

माझं मागणं एवढंच आहे की नंबरांची यादी देणाऱ्या प्रत्येक कंपनीला, परदेशी असो की आपली, यादीत अजून एक रकाना घालायला लावा, हा नंबर शेवटचा कधी बंद झाला त्याची तारीख. आधीच्या मालकाचं नाव नको, गाव नको, काही नको. जुनी गाडी घेताना आरसीवर आपण कितवे मालक ते दिसतं, मग फोन नंबर घेताना का दिसू नये? तारीख अलीकडची असेल तर आम्ही तो नंबर सोडून देऊ किंवा थोडे दिवस नुसता ठेवू. अशाने जुने नंबर लवकर खपणार नाहीत असं कंपन्या म्हणतील, पण कोणाच्या औषधाचे मेसेज तिऱ्हाइताला जाण्यापेक्षा ते परवडलं.

तोवर माझ्यासारखं काम करणाऱ्यांना सांगतो, घेतलेला नंबर लगेच क्लायंटच्या बोर्डावर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापू देऊ नका, काही दिवस तसाच चालू ठेवून काय येतंय ते बघा, येणारे मेसेज लॉगमध्ये पूर्ण साठवू नका, आकडे झाका, आणि दुसऱ्याचा कोड येताना दिसला की नंबर बदला. आणि जे सिम बंद करणार आहेत त्यांनी आधी बँक, आधार, ईमेल इथे नवीन नंबर टाकावा, व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलून घ्यावा आणि मगच जुनं सिम बंद करावं.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे