सूचना : जुन्या फोनवरचे बँकेचे ॲप

सभासदहो, फोन पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर आजच सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या अपडेटची) तारीख पाहून ठेवा. बँका आपल्या ॲपसाठी लागणारी किमान आवृत्ती अधूनमधून वाढवतात. मग काल चालणारे ॲप आज अपडेट मागते आणि प्ले स्टोअर म्हणते, हे तुमच्या फोनला चालणार नाही. अँड्रॉइड ७ (२०१६) किंवा त्याआधीचे असेल तर ही वेळ कधीही येऊ शकते.

अशा वेळी कोणी पाठवलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) टाकून घेऊ नका. अगदी ग्रुपमधल्या ओळखीच्या माणसाने पाठवली तरीही! फसवणुकीची हीच नेहमीची वाट आहे. त्यापेक्षा ब्राउझर अपडेट करून बँकेच्या संकेतस्थळावरून व्यवहार करा. पत्ता मात्र स्वतः टाइप करा.

फोन रूट केलेला असेल, म्हणजे त्याच्या प्रणालीवरची मूळ बंधने काढून टाकलेली असतील, तर बरीच ॲप्स उघडतच नाहीत. काही तर डेव्हलपर ऑप्शन्स (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या खास सेटिंग्ज) नुसते चालू असले तरी अडतात. ते बंद करून पाहा, बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. स्वस्त फोनमध्ये जागा कमी असते, म्हणून अपडेटआधी जुने व्हिडिओ काढा.

नवा फोन घेतलात तर आधी त्यावर ॲप सुरू करा, मगच जुना रिसेट करा.