जिन्यात थांबलेल्या त्या दोघांना

आईजवळ थांबलेल्या त्या ताईंचे आणि दादांचे मनापासून आभार. तुमची नावं विचारायचीही राहून गेली.

छातीत कळ नव्हतीच. जबडा आणि डावा खांदा भरून आलेला, मळमळ, कपाळावर गार घाम. आई म्हणत होती, "पित्त झालंय, जरा पडते." मीही तेच धरून चाललो होतो. ताई, तुम्ही तिच्या कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, "बायकांना हृदयविकाराचा झटका असाही येतो, थांबू नका." एक पायरीही चढू दिली नाहीत, भिंतीला टेकवून बसवलंत, रुग्णवाहिका बोलावलीत. दादा, मी गाडी काढायला धावलो तर तुम्ही अडवलंत. वाटेत हृदय थांबलं तर स्टीअरिंगवर बसून तू काय करणार, हे तुमचे शब्द.

ईसीजी पोचल्यापोचल्या निघाला. एक धमनी गुठळीने पूर्ण बंद. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मरत जातो, म्हणून ९० मिनिटांच्या आत ती उघडायची डॉक्टरांची धडपड असते. तेवढा वेळ हातात राहिला तो केवळ तुमच्यामुळे.

आई आता हळूहळू चालते. घाम पुसायला दिलेला तुमचा रुमाल तिने धुऊन, घडी घालून ठेवलाय.