आधी वायर, मग वॅट

महोदय,

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवर नवे स्पीकर बसवताना सगळी चर्चा वॅटची होते. खरे तर मोकळ्या हवेत स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटमध्ये तो किती मोठा आवाज देतो, ती आधी बघावी. ती ३ डेसिबलने कमी असेल तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात.

पण जीव वायरिंगमध्ये अडकलेला असतो. १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर भर आवाजात साधारण ११ अँपिअर ओढतो. हेडलाइटच्या वायरला जोड मारला की तिचे इन्सुलेशन वितळू शकते. थेट बॅटरीपासून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्यावी आणि प्लसपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज लावावा. तो अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर काहीच वाचत नाही. घासते ती बहुधा हँडलच्या मुळाशी, म्हणून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण तपासावा. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची (मायनसची) वायर रंगवलेल्या चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर घेतली, की स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी येते. ही वायर बॅटरीच्या मायनसलाच द्यावी.

बेस गायब वाटला तर दीड व्होल्टचा सेल दोन्ही स्पीकरच्या वायरींना, प्लसला प्लस धरून, क्षणभर टेकवा. एकाचा पडदा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला, तर एकाची जोडणी उलटी आहे.

— एक वाहन-इलेक्ट्रिशियन, पुणे