खुबा आणि पिजन

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ पाहिला. एकपाद राजकपोतासन, तुमचं ते पिजन, पुढचा पाय दुमडून आडवा आणि मागचा लांब सोडलेला. बाबा खूश आहेत. माझं लक्ष मात्र पुढच्या पायावर गेलं. पाऊल आतल्या बाजूला मुडपलंय, त्या बाजूचं बूड जमिनीपासून अधांतरी, आणि सगळा पीळ गुडघ्यावर. वर लिहितेस की जांघेत चिमटा बसतो, पण योगाचे सर म्हणतात श्वास सोड, खुब्यात साठलेल्या भावना मोकळ्या होतायत.

भावना! अगं, खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसलेला असतो आणि वाटीच्या काठाला कूर्चेची कड असते. पाय दुमडून वळवताना हाडाची मान त्या काठावर टेकली की पुढे जागाच नसते. तिथे रोज रेटत राहिलीस तर ती कड फाटू शकते. श्वास सोडल्याने हाड मऊ पडत नाही.

वाटी किती खोल, हाडाची मान किती वळलेली, हे ज्याचं त्याचं वेगळं. शेजारच्या मुलीला पद्मासन लागतं आणि तुला लागत नाही, यात तुझा सराव कमी पडला असं मुळीच नाही. खुबा वळेनासा झाला की उरलेला पीळ गुडघा घेतो, आणि गुडघा म्हणजे बिजागरी, तो तसा वळायचा नाही.

बुडाच्या मांसल भागात ओढ बसली तर चालेल. जांघेत पुढून टोचलं की तिथेच थांबायचं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकताना, बैठकीच्या हाडाशी दुखत असेल तर मांडीमागच्या स्नायूचं मूळ ओढलं जातंय. गुडघे थोडे वाकव, आणखी ताणू नकोस.

पिजन सध्या बंद. उताणी झोप, डाव्या गुडघ्याच्या वर उजवा घोटा ठेव आणि डावी मांडी हातांनी जवळ घे. ओढ तिथेच बसते, अंगाचा भार मात्र पडत नाही. मांडी घालून बसताना बुडाखाली ब्लँकेटची जाड घडी घे. तू त्याला म्हाताऱ्यांचे चोचले म्हणतेस, पण बी. के. एस. अय्यंगारांनी इथे पुण्यात विटा, पट्टे, खुर्च्या वापरून जगभरच्या लोकांना आसनं शिकवली, ती काय सगळी म्हातारी होती?

शिवाय तू मुळात लवचीक. लहानपणी अंगठा मागे नेऊन मनगटाला टेकवून दाखवायचीस. अशा अंगाला ताणण्यापेक्षा ताकद जास्त लागते. सेतुबंधासन कर, म्हणजे उताणी झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचल; खुर्ची धरून वीरभद्रासन 3 कर, एका पायावर उभं राहून दुसरा मागे आडवा उचलायचा, उभ्या पायाची कंबर बाहेर पडू देऊ नकोस.

दोन-तीन आठवड्यांत चिमटा गेला नाही, लंगडायला लागलीस किंवा पाय अडकल्यासारखा झाला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एक्स-रेत हाडाचा आकार कळतो, कूर्चेसाठी ते एमआरआय सांगतील.

आणि बंगळूरहून येताना रात्रभर बसमध्ये पाय दुमडून बसू नकोस. रेल्वेचं बघ, खालचा बर्थ मिळतो का ते.

तुझी,
आई